खंडेनवमीनंतर घट्ट झालेला बोल्ट

१

माझी बायको सरू गेली हे मला कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि गावात सगळ्यात आधी मलाच कळलं.

माझं गाव रोह्यापासून दीड कोसावर आहे. भात आणि वाल एवढीच आमची शेती. डोंगर जवळ असल्यामुळे भात तयार झालं की डुकरं उतरतात. पीक राखायला म्हणून माझ्या वडिलांनी परवाना काढून रायफल घेतली होती. ती पुढे माझ्या नावावर झाली. माझं नाव गुणाजी.

त्या सकाळी मी शेतातल्या माचावर होतो. उजाडलं होतं, पण ओहोळावर धुकं बसलं होतं. भातात काळं काहीतरी हललं. डुक्कर होतं. मी बार टाकला. डुक्कर ओहोळाच्या दिशेने पळालं. दुसरी गोळी भरायला नळीमागचा बोल्ट उचलायला गेलो तर तो उचलेना. गेले सात दिवस तो असाच घट्ट झाला होता. मी खाली उतरलो आणि तळहाताने ठोकत ठोकत बांधाने चालू लागलो. कान बाराच्या आवाजाने बंद झाले होते. कुठेतरी बोल्ट उघडला, काडतुसाची रिकामी पुंगळी उडाली. कुठे पडली ते मी पाहिलं नाही.

कारण समोर ओहोळाच्या काठावर सरू पालथी पडली होती.

मी तिला उलथी केली. गोळी आरपार गेली होती. तिच्या एका हातात चिंधी होती, आणि गवतात तिच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली पडली होती.

आदल्या संध्याकाळी मी तिच्यावर ओरडलो होतो. खंडेनवमीला रायफलीची पूजा तीच करायची. मी म्हणालो होतो, "पूजेत काय हळदीचा गारा घातलास गो? तेव्हापासून बोल्ट हलत नाय."

ती म्हणाली, "मशीनचं तेल घालून देते."

मी म्हणालो, "राहू दे. अक्कल घाल थोडी."

म्हणून ती तेल घेऊन आली होती.

मी किती ओरडलो, कुठे धावलो, मला आठवत नाही. लोक जमले. सगळ्यात आधी पोचला तो माझा चुलतभाऊ काळुराम. त्याचं शेत ओहोळाच्या पलीकडे. तो नागोठण्याला कंपनीत आहे. त्या दिवशी त्याची दुसरी शिफ्ट होती, म्हणून तो घरी झोपला होता. उठून तसाच पळत आला, असं तो म्हणाला. त्याने मला मिठी मारली आणि रडला. मी खाली मान घालून बसलो होतो, त्यामुळे मला सगळ्यांचे पायच दिसत होते. सगळ्यांच्या पायांना ओला चिखल होता. काळुरामच्या नडग्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. ते मी पाहिलं आणि विसरलो.

मग त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"गुणादादा, तू बार टाकलास?"

"टाकला. एक."

"कोणाला बोलू नको," तो म्हणाला. "मी हाय. तुला काय होऊ देणार नाय."

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तो काय समजतो आहे. तेव्हाच मलाही तसं वाटू लागलं.

२

पोलिसांनी विचारलं, "तुम्ही गोळी झाडली का?"

मी म्हणालो, "नाय."

हा एक शब्द मी बोललो, आणि त्याच दुपारी त्यांनी वाडीवरच्या बुधाला नेलं. बुधा कातकरी. आमच्याकडे मजुरीला यायचा, रानात ससे मारायचा. त्याच्या झोपडीत विनापरवाना ठासणीची बंदूक सापडली. एवढं पुरे झालं.

तिसऱ्या दिवशी बुधाची बायको येसू माझ्या दारात आली. सुतक होतं, म्हणून ती अंगणातच उभी राहिली.

"भाऊ, बुधा त्या दिशी घरात व्हता. बंदुकीची दारू भिजलेली. बंदूक आठ दिस खांबाला टांगलेली."

मी उंबऱ्यातच उभा होतो.

"आन बार दोन झालं," ती म्हणाली. "मी चूल पेटवत व्हते. पयला बार झाला. मी फुंकर मारली, काटकी पेटली, तवर दुसरा झाला. साहेबाला सांगितलं. साहेब म्हनतो, डोंगरावरनं आवाज उलटा आला आसल. भाऊ, मी जन्मली तवापून त्या डोंगराखाली हाय. मला डोंगराचा आवाज कळत नाय?"

ठासणीच्या बंदुकीत दारू भरा, गोळी ठासा, टोपी लावा, तोवर माणूस विडी ओढून संपवतो. एका फुंकरीत दोन बार तिच्यातून निघत नाहीत. हे मला माहीत होतं. आणि त्यातला एक बार माझा होता, हेही माहीत होतं.

"तुमी टाकलेला का भाऊ, एकादा?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती नुसती विचारत होती.

"नाय," मी म्हणालो.

ती जायला वळली. मग म्हणाली, "सरूबाय माझ्या पोरीचं झगं फुकट शिवायची," आणि गेली.

ती गेल्यावर मी आतून कडी लावली आणि कोनाड्यातून ती वस्तू काढली.

सरू पडली होती त्या दिवशी पोलीस यायच्या आधी मला ओहोळापलीकडे, काळुरामच्या बांधावर गवतात काहीतरी चमकताना दिसलं होतं. मी जाऊन ते उचललं आणि कनवटीला लावलं. ती पुंगळी होती. आमच्या गावात तसल्या काडतुसाच्या रायफली दोनच. एक माझी, एक काळुरामची. माझ्या वडिलांनी आणि काकांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या.

जागा काळुरामची होती. पण पुंगळीच्या बुडाची टोपी मी आत्ता नीट पाहिली.

गोळी सुटते तेव्हा बोल्टमधली पिन टोपीवर आपटते, आणि खळगा पडतो. काळुरामच्या रायफलीचा खळगा गोल पडतो. माझ्या रायफलीच्या पिनेचं टोक वडिलांच्या वेळीच तुटलं होतं. तिचा खळगा नख रुतवल्यासारखा पडतो. सरू माझ्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवायची आणि त्यांत सुया भरून वर चिंधीचा बोळा लावायची. खिडकीत अकरा पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या. मी एकेक उलटी करून पाहिली.

अकराही पुंगळ्यांवर नखच होतं. माझ्या हातातल्या बाराव्या पुंगळीवरही नखच होतं, म्हणजे तीही माझीच.

३

सुतकाचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. दारावर कोणी टकटक केली की मी आधी कोनाड्याकडे बघायचो. पोलीस आले तर काय, याची भीती होती. पण खरी भीती ती नव्हती. मीच तिला मारलं का, ही भीती होती. जेवताना, आंघोळ करताना, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलो तेव्हाही तोच प्रश्न होता. कावळा लवकर शिवेना. भटजी म्हणाले, काही राहिलं असेल तर मनात बोला. काय बोलू? "तुला मीच मारलं का गो," हे बोललो. कावळा मग शिवला, पण त्याने उत्तर थोडंच मिळतं?

काळुराम रोज यायचा. जेवण घेऊन यायचा. त्याची बायको गिरजाबाई भाकऱ्या पाठवायची, स्वतः यायची नाही.

एक दिवस तो म्हणाला, "दादा, तुझी पुंगळी कुठं पडली? बघितलीस का?"

"नाय," मी म्हणालो. तिसरं खोटं.

"बघून ठेव. पोलिसांना गावली तर भानगड."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. "पुंगळी गावली का?"

"नाय रे."

तो जवळ सरकला. "एक करू. तुझी रायफल कुंडलिकेत टाकू. चोरीला गेली म्हणून कळव. बोल्ट पण घट्ट झालाय तुझा, तशी पण कामाची राहिली नाय."

"आणि बुधा?"

"बुधाला काय व्हतंय? कातकऱ्याला आत नि बाहेर सारखंच."

मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, हा माझ्यासाठी एवढा कडू होतो आहे. मला त्याची लाज वाटली आणि माझीही. पण रायफल नदीत टाकायला मन होईना. ती टाकली असती तर मला कधीच कळलं नसतं.

हे कळणारा माणूस मला एकच माहीत होता. तो हमरापूरला होता. पोलीस खात्यात चोवीस वर्षं शस्त्रं दुरुस्त करून तो निवृत्त झाला होता, आणि आता घरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवायचा. त्याचं नाव केरू.

तो सरूचा थोरला भाऊ.

४

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रायफल गोधडीत गुंडाळली, परवान्याचं पुस्तक खिशात घातलं आणि पेणला गेलो. तिथून हमरापूर. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय हो, नांगराचा दांडा का?" मी मान डोलावली.

कारखान्यात पुढच्या वर्षीचे गणपती आत्ताच साच्यातून निघू लागले होते. पांढरे, बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे. भिंतीला लागून शंभर तरी असतील. केरूदादा पाटावर बसला होता. बहिणीच्या दिवसांना तो येऊन गेला होता, तेव्हा माझ्याशी फार बोलला नव्हता.

"दाजी," तो म्हणाला. "ये. बस. गोधडीत काय आणलंस?"

"रायफल. बोल्ट घट्ट झालाय. डुकरं पीक खातायत."

त्याने गोधडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बायको गेल्याच्या चौदाव्या दिवशी माणूस डुकरांसाठी हमरापूरला येत नाही, हे त्याला कळलं असणार. पण तो हात पुसून पुढे झाला.

बोल्ट ओढून बाहेर काढला. फडक्याने पुसला, उजेडात धरला.

"हळद नाय. गंज नाय. चिकटलेलं तेल नाय," तो म्हणाला. "साफ हाय. कोण पुसायचं?"

"सरू."

त्याने मान खाली घातली. मग काठीला चिंधी गुंडाळून ती नळीच्या मागच्या तोंडात फिरवली. चिंधी स्वच्छ निघाली. बोल्ट परत बसवला आणि रिकामाच उघडला, मिटला. थोडा घासला, पण मिटला.

"काडतूस हाय?"

मी खिशातून पाच काढली. त्याने दार बंद केलं, नळी मातीच्या ढिगाकडे केली, आणि एकेक काडतूस घालून बोल्ट हलकेच दाबून पाहिला. पाचांपैकी एकावरही तो सरळ मिटेना.

"एक काडतूस फुगलेलं असतं, तर एकालाच अडला असता. हा पाचांना अडतो. घाण असती तर रिकामा पण अडला असता." तो पुटपुटला. "म्हणजे काडतूस आणि बोल्ट यांच्यामधी जागाच कमी पडते. पण लोखंड काय रातीत वाढत नाय. कधीपासून घट्ट?"

"खंडेनवमीपासून."

"त्याआधी?"

"लोण्यासारखा चालायचा."

त्याने बोल्ट पुन्हा काढला, चष्मा लावला आणि दांड्याच्या मुळाशी नखाने खरवडलं. तेलाखाली आकडे होते.

"परवाना दे."

मी पुस्तक दिलं. त्याने रायफलीच्या बॉडीवरचा आकडा पाहिला. चारशे बारा. पुस्तकात चारशे बारा. मग त्याने बोल्ट माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"वाच."

सहाशे अडतीस.

"दाजी," केरूदादा म्हणाला, "हा बोल्ट तुझ्या रायफलीचा नाय."

५

तो दार उघडायला उठला नाही. गणपतींच्या मधे आम्ही दोघेच होतो.

"खंडेनवमीला काय झालं ते सांग."

मी सांगितलं. दरवर्षी दोन्ही रायफली आमच्या घरी एकाच पाटावर मांडतात. वडिलांच्या वेळेपासूनची रीत. सरू दोन्हींचे बोल्ट काढायची, पुसायची, तेलाचा हात द्यायची आणि ताम्हणात ठेवायची. दोघांच्या नव्या काडतुसांना पण ताम्हणातच कुंकवाचं बोट लावायची. पूजा झाली की बोल्ट परत बसवून काळुरामला त्याची रायफल द्यायची. रायफली ओळखू येतात. माझ्या दस्त्याला पितळी खिळा आहे. बोल्ट मात्र सारखेच दिसतात.

केरूदादाने डोळे मिटले. "पाटावर हत्यार मांडायचं तर बोल्ट बाहेर काढून मांडायचं. हे तिला मी शिकवलं. दहा वर्षांची होती. मीच शिकवलं."

"म्हणजे तिने अदलाबदल केली?"

"केली. दुसरं कधी ते दोन बोल्ट एका ठिकाणी येतात? नाय. आणि तू घट्ट झाला म्हणतोस ते त्याच दिवसापासून." त्याने डोळे उघडले. "प्रत्येक रायफलीला तिचा बोल्ट घासून बसवलेला असतो. दुसऱ्याचा घातला तर एकीत घट्ट होतो, दुसरीत सैल. घट्ट झाला तो बोंबलतो. सैल झाला त्याला वाटतं, वा, किती छान चालतोय."

मग त्याने बोल्ट खाली ठेवला. "आता मला खरं सांग. डुकरांसाठी आला नाहीस."

समोर तिचा भाऊ, मधे माझी रायफल, माझीच पाच काडतुसं. मला वाटलं, हा आता काय करेल? पण मी कनवटीची पुंगळी काढून त्याच्या पाटावर ठेवली.

"मी त्या सकाळी बार टाकला. एक. पोलिसांना नाय म्हणालो. ही काळुरामच्या बांधावर गावली. हिच्यावर माझ्या रायफलीचं नख हाय. दादा, तिला मीच मारलं."

तो चष्मा पुसत राहिला. बराच वेळ. बाहेर कोणीतरी पाट्या धूत होतं, त्याचा आवाज येत होता. त्याने पुंगळी उचलली. मला वाटलं तो ती माझ्या तोंडावर फेकेल.

त्याने ओल्या गोणपाटाखालून शाडूचा गोळा तोडला, अंगठ्याने चपटा केला. बोल्टची पाठ फिरवली तशी पिनेचं टोक पुढे आलं. ते टोक त्याने शाडूत दाबलं आणि उचललं.

"बघ."

मातीत खळगा पडला होता. अगदी गोल.

"खळगा नळी नाय पाडत, दाजी. पिन पाडते. पिन बोल्टमधी असते. खंडेनवमीपासून तुझ्या रायफलीतून जी पुंगळी निघेल तिच्यावर गोल खळगा असेल. नख पाडणारी पिन तुझ्याकडं नव्हतीच."

मला ते एकदम कळलं नाही. मी म्हणालो, "पण ही पुंगळी जुनी असंल. पूजेच्या आधीची. मीच कधी तिकडं टाकली असंल."

"चांगला प्रश्न." त्याने दाढी करायच्या आरशातला उजेड पुंगळीवर पाडला आणि सुईने टोपीच्या कडेची घाण उकरली. सुईच्या टोकावर लाल आलं. त्याने ते माझ्या बोटावर टेकवलं.

कुंकू होतं.

"सरूने बोट लावलेलं काडतूस. म्हणजे पूजेनंतर उडालेलं," तो म्हणाला. "आणि हे बघ, बुडाच्या वर ही चकचकीत रेघ. पितळ ताणलंय. सैल बोल्टमधी ताणतं. घट्टमधी नाय. ही पुंगळी पूजेनंतर, तुझ्या बोल्टने, सैल बसलेल्या रायफलीतून उडाली. अशी रायफल जगात एकच हाय."

मी भिंतीला टेकलो. पहिल्यांदा मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यापुरतं सरू गेली हेही मी विसरलो. मग ते परत आलं, आणि त्याच्यासोबत वाळलेला चिखल आठवला. झोपेतून उठून पळत आलेल्या माणसाच्या पायाला वाळलेला चिखल कसा? आणि पुंगळी कुठं पडली, हे तो दोनदा का विचारत होता? माझ्या पुंगळीसाठी नाही. स्वतःच्या पुंगळीसाठी.

"काळुराम आता काय करतो?" केरूदादाने विचारलं.

"रोज सकाळी माचावर बसतो."

"रायफल घेऊन?"

"व्हय."

तो उठला आणि पैरण घालू लागला. "ह्या पुंगळीचं पितळ त्या रेघेवर फाटायला आलंय. पुढच्या एखाद्या काडतुसाचं पुरतं फाटेल, आणि सगळी आग मागं त्याच्या डोळ्यात येईल." बटणं लावताना त्याचे हात थांबले. "येऊ दे, असं वाटतं मला. खरंच वाटतं. पण चल."

६

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. काळुराम ओटीवर बसला होता. रायफल मांडीवर होती. गिरजाबाई सुपात वाल पाखडत होती.

"गुणादादा? आणि हे सरूवहिनीचे भाऊ. या, या." तो हसला, पण त्याचे डोळे माझ्या गोधडीवर होते. "नदीवर नाय गेलास?"

"हमरापूरला गेलो. बोल्ट घट्ट होता ना."

"झाला नीट?"

"कळलं का घट्ट झाला ते."

केरूदादा पायरीवर बसला. "तुझा कसा चालतो रे?"

"माझा? एकदम हलका." काळुरामने खिशातून काडतूस काढलं, आत सरकवलं आणि एका बोटाने बोल्ट मिटला. खट् असा बारीक आवाज झाला. नळी माझ्या गुडघ्यांच्या दिशेला होती. त्याने ती हलवली नाही. "बघा. पोर पण मिटेल."

गिरजाबाईचं सूप थांबलं.

"हलकाच असणार," केरूदादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "तो तुझा नाय. तुझा बोल्ट ह्याच्या रायफलीत हाय. पूजेत बदलले. तू आता बार टाकलास तर ह्याला लागेल का नाय ते सांगता येत नाय. तुझ्या डोळ्यात मात्र येईल."

"काय पण बोलता."

"नंबर वाच."

"मला काय वाचायचं नाय."

"मी वाचते," गिरजाबाई म्हणाली. ती उठली, आत जाऊन परवान्याचं पुस्तक घेऊन आली, आणि नवऱ्याच्या मांडीवर वाकून बोल्टचा दांडा पाहू लागली. तिने पदराने तेल पुसलं. "पुस्तकात सहाशे अडतीस. हितं चारशे बारा."

मी पुंगळी तिच्या सुपात ठेवली. "ही तुमच्या बांधावर गावली, वहिनी. हिच्यावर ह्या बोल्टचं नख हाय. आणि सरूचं कुंकू."

काळुरामचं बोट अजून रायफलीवरच होतं. तेवढा वेळ मला कधी संपेलसं वाटेना. तो गोळी मारेल की काय, ही भीती होती. आणि मारली तर त्याचे डोळे जातील, हीही होती. लहानपणी ओहोळात मी त्याला पोहायला शिकवलं होतं.

"हे त्या दिशी झोपलेले नव्हते," गिरजाबाई म्हणाली. ती माझ्याशी नाही, केरूदादाशी बोलत होती. "उजाडायच्या आधी शेतावर गेले. धावत आले. पाय पण धुतले नाय. खाटेवर पडले आणि मला म्हणाले, विचारलं तर झोपलोय म्हण. मी म्हटलं. पंधरा दिस तुमच्या दाजींना भाकरी धाडते, पण मला तोंड दाखवायला नाय आलं."

"गप गो," काळुराम म्हणाला. पण त्यात जोर नव्हता.

केरूदादाने हात पुढे केला आणि रायफल त्याच्या मांडीवरून उचलली. बोल्ट उघडून काडतूस काढलं.

"तुझा बार झाला दादा, आणि डुक्कर माझ्यावर आलं," काळुराम म्हणाला. "धुक्यात काळं हललं. मी बार टाकला. डुक्कर भलतीकडनंच गेलं. मग मी बघायला गेलो."

"मग?"

"वहिनी होती. हलत नव्हती." तो रडू लागला. त्या सकाळी रडला होता तसाच. "मी हाक मारणार होतो. तेवढ्यात पलीकडनं आवाज आला. खट्, खट्. तू बोल्ट ठोकत येत होतास. मला वाटलं, हा आला की ह्याला वाटेल आपलीच गोळी लागली. म्हणून मी पळालो."

"आणि मला तसं वाटू दिलंस."

"तू गप्प राहिला असतास तर कोणालाच काय झालं नसतं."

"बुधाला?"

त्याने बाहीने तोंड पुसलं.

७

त्याच संध्याकाळी आम्ही चौघं रोह्याला गेलो. चौघं म्हणजे गिरजाबाईसुद्धा. मी माझं खोटं आधी सांगितलं, मग काळुरामने त्याचं सांगितलं. दोन्ही रायफली तिथेच ठेवून घेतल्या. त्या अजून तिथेच आहेत, दुसरीचा बोल्ट पोटात घेऊन. केरूदादाने लेखी दिलं आहे की निकाल लागेपर्यंत त्या बदलू नयेत.

केरूदादा रात्री माझ्याकडे राहिला. सकाळी निघताना खिडकीतल्या अकरा पुंगळ्यांतली एक त्याने मागून घेतली, सुयांसकट. एवढंच म्हणाला, "तिने कुंकवाचं बोट लावलं नसतं, तर दाजी, तुझ्यावर आलं असतं." मी यावर पुष्कळ विचार केला. त्याच पूजेत बोल्ट बदलले नसते, तर माझा घट्ट झाला नसता, आणि ती तेल घेऊन आलीच नसती. दोन्ही खरं आहे. यातलं कुठलं मनात धरून झोपायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बुधा सुटला. ठासणीच्या बंदुकीची केस त्याच्यावर आहेच, पण तो घरी आला. त्याचा डावा हात वर जात नाही, असं लोक सांगतात. यंदा तो कोणाच्या कापणीला आला नाही.

माझी कापणी झाली. भात घरात आलं. डुकरांनी खाल्लं तेवढं खाल्लं.

माझ्या घरापासून बुधाची वाडी शेतातून गेलं तर पाऊण मैल आहे. येसूने मला अंगणात विचारलं होतं, आणि मी नाय म्हणालो होतो. तेव्हा पुंगळी माझ्या कोनाड्यात होती. हे मी पोलिसांना सांगितलं, केरूदादाला सांगितलं.

बुधाला आणि येसूला मी ते अजून सांगितलेलं नाही.